तुरुंगाच्या दाराबाहेर

(ब्लूमफाँटेन, दक्षिण आफ्रिका, १९१३. काळ्या माणसांना शहरात राहायला-फिरायला सरकारी पास जवळ बाळगावा लागतो. सकाळची वेळ.)

मोखेले : पाय सुजलेत तुझे. बूट घाल आधी.

सेलोआने : बाकीच्या कुठायत?

मोखेले : चल तर खरी. बाळ तीन दिवस नीट जेवलं नाही.

सेलोआने : मला सांगितलं, सामान घे आणि नीघ. वाटलं, सगळ्याच सुटल्या. चौतीस जणी आहोत आम्ही. मी एकटीच कशी बाहेर?

मोखेले : दंड भरला मी.

सेलोआने : आम्ही सगळ्यांनी न्यायाधीशासमोर सांगितलं होतं, दंड भरणार नाही, तुरुंगात जाऊ. तुम्ही तिथंच उभे होतात.

मोखेले : होतो. म्हणून काय, दोन महिने दगड फोडू द्यायचे तुला?

सेलोआने : आणि नुसत्या दंडावर सोडलं?

मोखेले : (खिशावर हात ठेवत) चल आता, उशीर होतोय.

सेलोआने : खिशात काय आहे?

मोखेले : तुझा पास. हा बघ. तुरुंगाचा साहेब म्हणाला, पास घेतला तरच सोडतो. अगं, मी सोळाव्या वर्षापासून बाळगतोय. एक कागद तर आहे.

सेलोआने : पहिला पास चौकीच्या पायरीवर मी माझ्या हातांनी फाडला. त्याआधी काय झालं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मार्चमध्ये मी धुणं पोचवून येत होते. चर्चच्या कोपऱ्यावर शिपायानं पास मागितला. घरी राहिला म्हटलं. तर म्हणाला, लपवला असशील. आणि शालीखाली हात घालून शोधायला लागला. बाळ पाठीवर होतं.

मोखेले : कोण तो? नाव सांग.

सेलोआने : नाव घेऊन काय करणार? आत गेल्यावर कळलं, निम्म्याजणींची हीच गोष्ट. एकीनंही नवऱ्याला सांगितलेली नाही.

मोखेले : मला सांगायचंस.

सेलोआने : आता सांगितलं. आपली पोर, दिनेओ, तेरा वर्षांची आहे. अजून तीन वर्षांनी तिलाही पास काढावा लागेल. तुम्हीच घेऊन जाल तिला रांगेत?

मोखेले : कुठं निघालीस?

सेलोआने : काका! दार उघडा. मला आत घ्या.

पहारेकरी : वेडी का तू? दंड भरलेल्या बाईला आत घेता येत नाही.

सेलोआने : पास नसलेल्या बाईला?

पहारेकरी : तिला आधी चौकीवर नेतात. मग न्यायाधीश. दुसऱ्यांदा सापडलेल्यांना परवा तीन-तीन महिने दिले. पोरी, गपचूप घरी जा. मी काही ऐकलं नाही.

सेलोआने : माझ्याकडे पास नाही, काका.

पहारेकरी : नाही कसा? मास्तरांच्या हातात काय आहे मग? मास्तर, हिच्याच नावाचा आहे ना तो? आतून साहेब बघतोय खिडकीतून. लवकर बोला.

मोखेले : नाव हिचं आहे.

पहारेकरी : मग झालं तर.

मोखेले : पण हिनं मागितला नव्हता. मी घेतला. माझी चूक झाली. हा घ्या, साहेबाला परत द्या.

पहारेकरी : मी नाही हात लावणार. आणि मास्तर, हे शाळेपर्यंत गेलं तर नोकरी राहील का तुमची?

मोखेले : बहुतेक नाही.

सेलोआने : अहो, विचार करून बोला. मी आत, तुमची नोकरी गेलेली. पोरांनी काय खायचं?

मोखेले : माझी बहीण आहे. चर्चच्या गायनमंडळातली माणसं आहेत. बघू. तू शिपायाचं सांगितलंस, त्यानंतर हा कागद मला खिशात ठेववणार नाही.

सेलोआने : ठेवा पायरीवर. वाऱ्यानं जाईल.

पहारेकरी : चौकीवरच जायचं, तर मागच्या गल्लीनं जवळ पडतं. कुणी बघायचंही नाही.

मोखेले : नको, काका. आम्ही बाजारातून जाऊ, सगळ्यांसमोरून. चल, हळूहळू चाल.