दोनशे बावीस किलो वाळू

आपल्यातल्या निम्म्यांचे दात ज्यांनी काढले आणि उरलेल्या निम्म्यांना तोंड उघडायला लावलं, ते आपले अध्यक्ष डॉक्टरसाहेब. सार्वजनिक बागेचे अधीक्षक आणि आजचे प्रमुख पाहुणे. ज्यांना निरोप द्यायला आपण या सभागृहात जमलो आहोत ते आपले मापसाहेब. व्यासपीठावर बसणार नाही, बसणार नाही म्हणत अखेर बसलेल्या त्यांच्या पत्नी, आपल्या वहिनी. आणि समोरच्या माझ्या झोकेकरी बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मंडळाची चिटणीस या नात्याने मला पाच मिनिटं दिली आहेत. पाच मिनिटांत मी फार तर एक बाही उसवते. तेव्हा जरा इकडेतिकडे झालं, तर शिलाईवालीची जीभ कात्रीसारखी चालते असं म्हणून सोडून द्या.

आज घरची मंडळीही आली आहेत. त्यातल्या काहींना अजून वाटतं, की आपला माणूस रोज सकाळी फिरायला जातो. नाही हो. तुमचा माणूस रोज सकाळी सहा ते सात बागेत झोके घेतो. आपलं झोका मंडळ हे सत्तावीस प्रौढ, जबाबदार आणि बहुतेक करून गुडघे दुखणाऱ्या लोकांचं मंडळ आहे.

बागेतल्या झोपाळ्यांवर पाटी आहे, 'फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी'. पहिल्या आठवड्यात वॉचमनने शिट्ट्या मारून मारून गालफडं दुखवून घेतली. शेवटी अधीक्षकसाहेब स्वतः आले, रागावूनच आले. डॉक्टर त्यांना म्हणाले, "एकदा बसून बघा, मग काय बोलायचं ते बोला." साहेब बसले. वीस मिनिटं उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आपल्याला सहा ते सातची लेखी परवानगी मिळाली. साहेब, हसू नका, त्या कागदाची प्रत माझ्याकडे आहे.

तर अशा मंडळाने देवाला जायचं ठरवलं, तर कुठे जाणार? इथून एकशे ऐंशी किलोमीटरवर टेकडीवरचं ते देवस्थान आहे. त्याच्या आवारात साखळ्यांचा मोठा झोपाळा आहे. पायी आलेल्याने आधी त्यावर बसून दम घ्यायचा आणि मग दर्शनाला जायचं. हे ऐकल्यावर आमच्यातले नास्तिक सगळ्यात आधी तयार झाले. अकरा दिवस चालायचं, अकरा मुक्काम करायचे. आणि इतर लोक मुक्कामाला धर्मशाळा बघतात, विहीर बघतात; आपल्याला मुक्कामाला काय हवं? फांदी.

ती फांदी शोधण्याचं काम ज्यांनी केलं, त्यांच्याविषयी आता बोलते.

मापसाहेबांचं खरं नाव मंडळात कुणी घेत नाही. तेहतीस वर्षं वजनमापं तपासण्याची त्यांनी नोकरी केली. बाजारातला प्रत्येक तराजू त्यांच्या हाताखालून गेला. माझी आणि त्यांची ओळख अशीच झाली. मला दुकान टाकून वर्ष झालं होतं, आणि हे एक दिवस आत आले आणि म्हणाले, "ताई, टेप दाखवा." मी म्हटलं, टेपमध्ये काय बघायचंय? त्यांनी आपली लोखंडी पट्टी काढली, माझी टेप तिच्यावर ठेवली. वापरून वापरून माझी टेप अर्धा इंच ताणली गेली होती. म्हणजे वहीतल्या जुन्या मापांवर मी ताणलेल्या टेपने कापड बेतत होते, गावातल्या बायका ढगळ कपडे घालून हिंडत होत्या आणि मला वाटत होतं, सगळ्या बारीक झाल्या! साहेबांनी दंड केला नाही. म्हणाले, "मुद्दाम केलेलं नाही, कळतंय. नवी टेप आणा, उद्या बघायला येतो." आणि खरंच दुसऱ्या दिवशी बघायला आले.

अशा माणसाच्या हाती यात्रेची आखणी गेली. तीन वेळा त्यांनी स्कूटरवरून सगळा रस्ता पालथा घातला, मागे वहिनी आणि वहिनींच्या मांडीवर दोराचं वेटोळं. घरच्या भिंतीवर हा एवढा नकाशा. प्रत्येक पंधरा-सोळा किलोमीटरवर एक झाड, त्या झाडाच्या फांदीचा घेर, जमिनीपासूनची उंची, मालकाचा होकार, आणि मालकाच्या कुत्र्याचा स्वभाव. मी वही पाहिली आहे. सातव्या मुक्कामापुढे लिहिलंय, 'फांदी उत्तम. कुत्रा अविश्वासू.'

आखणीत एक चूक झाली होती, ती आपण सगळ्यांनी मिळून केली होती. प्रत्येकाने दहा मिनिटं झोका घ्यायचा असं आपण एकमताने ठरवलं. साहेबांनी कागदावर गुणाकार केला. सत्तावीस माणसं, दहा मिनिटं, म्हणजे साडेचार तास! ते म्हणाले, "चालायला चार तास आणि झोक्याला साडेचार. मग देवाला भेटायचं कधी?" म्हणून माणशी चाळीस झोके ठरले, मोठ्याने मोजून. त्यानंतर आपण इतकं सावकाश मोजायला शिकलो, की एकोणचाळीस आणि चाळीसच्या मध्ये एक माणूस चहा पिऊन येई.

आता मी वजनाकडे येते. यायलाच हवं.

साहेबांचा हिशेब साधा होता. झोका पार आडवा होईपर्यंत चढवला, तर खाली येताना फांदीवर माणसाच्या वजनाच्या तिप्पट भार येतो. म्हणून मंडळात जो सगळ्यात जड, त्याच्या तिप्पट वाळू प्रत्येक फांदीला टांगून बघायची. मग प्रश्न आला, वजनं घ्यायची कशी? पाववाल्यांनी सुचवलं, माझ्या बेकरीतला काटा आणतो, सगळ्यांना उभं करू. साहेब नको म्हणाले. त्यांचे शब्द माझ्या इतिवृत्तात आहेत, वाचून दाखवते. "दुकानदारावर संशय घेणं ही माझी नोकरी होती. सोबत चालणाऱ्यांवर मी संशय घेणार नाही. ज्याने त्याने आपलं वजन कागदावर लिहून द्यावं."

आपण लिहून दिलं. सगळ्यात जड निघाले आपले पाववाले, चौऱ्याहत्तर किलो. त्याची तिप्पट दोनशे बावीस. पंचवीस-पंचवीसची आठ पोती आणि बावीसचं एक. अकरा झाडं, साहेबांनी अकरा वेळा टेम्पोतून नेऊन दोनशे बावीस किलो वाळू चढवली आणि उतरवली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. आणि पाववाल्यांचं काय झालं? त्यांना आपण सगळ्यात शेवटचा नंबर दिला, झोका चढवायला बंदी केली, आणि येता-जाता चिडवलं. बिचाऱ्याने स्वतःच्याच दुकानातला पाव खाणं सोडलं. पाववाले, तुम्ही तिसऱ्या रांगेत आहात ना? असेच बसून राहा, उठू नका. तुमच्याशी मला थोडं बोलायचंय.

मग रंगीत तालीम झाली. पहिल्या मुक्कामापर्यंत चालून जायचं, झोके घ्यायचे आणि एसटीने परत यायचं. जुनं चिंचेचं झाड होतं, काय सुंदर फांदी होती! पंधरा जणांचे झोके झाले. सोळावी मी. आता तुम्हाला माहीत आहे, मी झोपाळ्यावर बसले की माझं वय दहा होतं. मी चढवला. तुम्ही 'बास बास' म्हणत होतात, मी ऐकते कुठली! चौतिसाव्या झोक्याला वर कडाड् झालं आणि मी शेजारच्या चरात, चिखलात, पाटासकट. कोपर खरचटलं, तेवढंच. सगळे हसले. मीही हसले. साहेब तेवढे हसले नाहीत.

आधी ते माझ्यापाशी धावत आले, लागलं का विचारलं, पाणी दिलं. मग दोन तास ते त्या फांदीपाशी बसून होते. घेर पुन्हा मोजला, दोर तपासला, पोत्यांचे आकडे पुन्हा मांडले. संध्याकाळी वहीत एकच ओळ लिहिली, 'तपासणी माझी, चूक माझी.' आणि आठवड्याने राजीनामा आला, 'ज्याच्या मापावर सत्तावीस माणसं बसणार, त्याच्या मापात चूक झालेली चालत नाही.'

तो राजीनामा सभेत वाचून कुणी दाखवला? मी. वाचताना मी पदराने डोळे टिपले आणि तुम्ही म्हणालात, काय हळवी बाई आहे. आभाराचा ठराव कुणी लिहिला? मीच. आणि फांदी निवडणारा माणूसच गेला म्हटल्यावर पायी जायची कुणाची छाती होईना. येत्या वीस तारखेला आपण बसने जाऊन संध्याकाळी परत यायचं, असंही ठरलं. तेही माझ्याच अक्षरात आहे.

गेल्या मंगळवारी वहिनी दुकानात आल्या. साहेबांची पॅन्ट घेऊन. म्हणाल्या, "कंबर दोन इंच आत घ्या." मी म्हटलं, एवढी? तर म्हणाल्या, "जेवत नाहीत धड. वाण्याकडून साखर आणली की घरी तीनदा तोलतात. काल मला विचारत होते, माझी नजर गेली का गं? मग तेहतीस वर्षांत किती जणांना उगाच दंड केला असेल मी?"

वहिनी गेल्या आणि मी मशीनवर बसले. दोन इंच, पाच आठवड्यांत. आयुष्यभर मी लोकांची मापं घेतली. कुणाचं माप कुणाला सांगितलं नाही, हा माझ्या धंद्याचा धर्म आहे. पण ती दोन इंचाची शिवण मला घालवेना. तीनदा उसवली.

अध्यक्ष महोदय, तुम्ही घड्याळ बघताय. बघा. मी आता उसवायला घेतलंच आहे, तर पूर्ण उसवते.

त्या कागदावर मी माझं वजन एकोणसत्तर लिहिलं होतं. माझं वजन सत्त्याऐंशी आहे.

हसा, हसा. मला हेच हसणं नको होतं, म्हणून तर खोटं लिहिलं. दुसऱ्यांचे कपडे मी टेप लावून शिवते आणि माझे अंदाजाने. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला वाटलं, कागदावरचा आकडा, त्याने कुणाचं काय बिघडतं? सत्त्याऐंशीची तिप्पट दोनशे एकसष्ट. वाळू टांगली दोनशे बावीस. एकोणचाळीस किलो कमी पडली, आणि ते एकोणचाळीस किलो मी साहेबांच्या माथी मारले. पाच आठवडे मूग गिळून गप्प बसले. साहेब, तुमची नजर शाबूत आहे, तुमची फांदीही बरोबर होती. तुम्ही एकाच गोष्टीची तपासणी केली नाहीत, ती म्हणजे माझा शब्द. आणि ती का केली नाहीत, हे मी मघाशी वाचून दाखवलं. वाचता वाचता मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाववाले, तुमची तर मी हात जोडून क्षमा मागते. आपल्या मंडळातली सगळ्यात जड व्यक्ती मी आहे. उद्यापासून तुम्ही पाव खा, लोणी लावून खा, आणि पहिला नंबर तुमचा.

काय म्हणालात? कोण बोललं मागून? सहा किलो कमी लिहिले? तुम्हीसुद्धा? बसा हो, बसा, एकेकाने बोला. चार? साडेतीन? डॉक्टर, तुम्ही हात का वर करताय, तुम्ही तर अध्यक्ष आहात! अगं बाई, पाववाले उभे राहिलेत. म्हणताहेत, "मी तीन किलो जास्त लिहिले होते. कोणीतरी सगळ्यात जड असायलाच हवं होतं, म्हटलं आपणच होऊ." अहो, काय माणूस आहात तुम्ही!

साहेब, ऐकलंत? तेहतीस वर्षं तुम्ही बाजारातल्या लबाडांना पकडलंत आणि निवृत्तीनंतर येऊन बसलात ते आमच्यात.

माझी मंडळाला विनंती आहे, की राजीनाम्याचा निर्णय खोट्या आकड्यावर झालेला आहे, तो रद्द करावा. भिंतीवरचं घड्याळ भेट द्यायला आणलंय ते द्या, पण निरोपाचं म्हणून देऊ नका. बसही रद्द करा. उद्या सकाळी सहाला बेकरीतला काटा बागेत येईल आणि त्यावर पहिली मी उभी राहीन, सगळ्यांसमोर. साहेब, तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवू नका. काट्यावर ठेवा. पण या. दिवस थोडे आहेत आणि अकरा फांद्या पुन्हा बघायच्या आहेत. वाळू या वेळी आम्ही चढवू.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे, उभ्याउभ्या एवढं ऐकून घेतल्याबद्दल मागच्या मंडळींचे आणि बागेची परवानगी आज तरी काढून न घेतल्याबद्दल अधीक्षकसाहेबांचे आभार मानते. भाषणाच्या शेवटी वक्ते अनवधानाने राहिलेल्या उणिवांची माफी मागतात. माझी उणीव अनवधानाने राहिलेली नव्हती, मी ती पेनाने लिहून दिली होती. साहेब, मला माफ करा.

हे काय, साहेब खिसे चाचपताहेत. काय हवंय? वही निघाली वाटतं. वहिनी, पेन असेल तर द्या हो त्यांना. लिहून घ्या, साहेब. सत्त्याऐंशी.