निळं झबलं

(केदारखेडा, भरदुपार. कौसल्याबाईंच्या मांडीवर तान्हा नातू. लेक सुमेधा आताच जालन्याहून आलेली. पोराचा बाप वसंता दारात.)

कौसल्या : अगं, झबलं चोखून राह्यलं सकाळपासून. नवं हाय, रंग उतरला ओठाला.

सुमेधा : पुस बरं ओल्या फडक्यानं.

कौसल्या : पुसते की... निघंना गं.

सुमेधा : पायाची नखं दाव.

कौसल्या : पायाला कुठून लागंल रंग? ...सुमे! नखं बी तशीच!

सुमेधा : दादा, रखमाजीकाकाची जीप आण. जल्दी!

वसंता : तुझा चेहरा बघूनच शेजारच्या कल्याणला पाठवलं, आणून राह्यला. पण झालं काय?

सुमेधा : वहिनी तापानं पडल्यापासून ह्याला काय पाजता?

कौसल्या : डब्याचं दूध. तळ्याखालच्या विहिरीचं पाणी, पण उकळून हां. आज तर निम्मं आटवलं.

सुमेधा : आणि तळ्यातली जलपर्णी कुठं गेली?

वसंता : औषध मारलं आम्ही पोरांनी. जयंतीला तळं साफ दिसावं म्हणून. पिवळी पडली, बुडाली.

सुमेधा : बाहेर न्हाई काढली?

वसंता : आपोआप बुडाली, मंग कशाला काढायची? तुला पाणी दिसलं की जालन्यातली तुझी तपासणीची लॅबच आठवती.

सुमेधा : ती तळाला सडून राह्यली, दादा. पाल्यातला नत्र पाण्यात सुटतो. झिरपत विहिरीत येईस्तोवर त्याचं नायट्रेट होतं. वावरातला युरिया आधीच उतरतो तिथं. आपल्याला मोठ्यांना त्रास कळत न्हाई. पण तान्ह्याच्या रक्ताला मंग हवा धरता येत न्हाई.

कौसल्या : पण म्या उकळलं होतं!

सुमेधा : उकळून जंतू मरतात, आई. हे न्हाई मरत. पाणी आटतं, हे तेवढंच राहातं.

कौसल्या : म्हंजे म्या... घट्ट करून पाजलं?

वसंता : औषध म्या मारलं, आई. तू गप.

कौसल्या : काढा हे झबलं! आधी काढा! हौसेनं निळं शिवलं म्या, आन्‌ लेकरू निळं पडलं!

सुमेधा : झबल्याचं काय न्हाई त्यात. जीप आली बघ. दादा, डॉक्टरला आधी विहिरीचं पाणी सांग.

वसंता : इलाज हाय ना ह्याला?

सुमेधा : हाय. शिरेतून औषध देतात. वेळेत पोचलो पाहिजे.

कौसल्या : कसलं औषध?

सुमेधा : ते बी निळंच असतं, आई.

कौसल्या : ...निळं?

सुमेधा : गडद निळं. चल, उठ.

कौसल्या : मंग झबल्याची नाडी बांध परत. म्या उगाच सोडली.