फेस न येणारी बाटली

पवनीच्या बसस्थानकावर माझ्यामागच्या बाकावर आसगावच्या दोघी शेजारणी बसल्या होत्या.

“मंदाबाई, तुहे केस लय मऊ दिसून राहिले वो!”

“सुनेनं कालच शिकवलं. आधी शाम्पू, मंग कंडिशनर. तो नुसता टोकाले लावाचा अन् धुऊन टाकाचा.”

“मंग तोंड काहून पाडलं?”

“माह्या पोरीनं, गुंजननं, दिवाळीले हाच कंडिशनर आणला होता. म्हणे, आई, मी धुऊन देतो तुहे केस. मी म्हटलं, मले समजते. तीनदा चोळलं, फेसच नाही. वाटलं, पोरीले दुकानदारानं फसवलं. तिच्यासमोरच बाटली म्हशीच्या अंगावर रिकामी केली.”

“मंग सांग ना तिले आता.”

“कोणत्या तोंडानं सांगू? आता माहेरी येते तं माह्यासाठी कपड्याचा साबण आणते. म्हणते, आई, याले फेस येते.”