घरात सगळं मऊ

मुलगा: हे काय आहे?

सून: बिस्कीट.

मुलगा: बिस्कीट वाकत नाही गं. हे बघ, हे वाकतंय.

सून: बदामाचंच आहे. फक्त बदाम भिजवून वाटलेत, मैद्यात निम्मा उकडलेला बटाटा घातलाय आणि ओव्हनमधून जरा लवकर काढलंय.

मुलगा: मग यात बदामाचं बिस्कीट उरलं कुठे?

सून: वास आहे ना!

मुलगा: वासावर दिवस काढायचे का आता? परवा गाजराचा केक चमच्याने खाल्ला. काल पाव असा केला होतास की सुरी लावल्यावर तो सुरीलाच चिकटून आला. खारे शेंगदाणे मागितले, तर वाटून त्याचं लोणी हातात दिलंस. माझ्या तोंडात अख्खे बत्तीस दात आहेत, बाई. त्यांना काहीतरी काम दे.

सून: तुझे दात हा या घराचा प्रश्न नाही.

मुलगा: माहीत आहे. प्रश्न अप्पांच्या दातांचा आहे. माझ्या बापाला कवळी बसली आणि शिक्षा मला झाली. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, ते हे असं.

सून: हळू बोल, ऐकू जाईल त्यांना.

मुलगा: दार बंद आहे त्यांचं. जेवणाच्या वेळी महिनाभर बंदच असतं.

सून: म्हणून तर जीव तुटतो माझा. कवळी आली आणि अप्पा टेबलावरून उठले, ते उठलेच. 'मला सावकाश लागतं, तुमचा खोळंबा नको, ताट खोलीत दे.' इतकंच बोलले. आता त्यांच्यापुरतं वेगळं शिजवलं असतं, तर ते त्यांच्या मनाला लागलं असतं. म्हटलं, सगळ्यांनाच मऊ करावं. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मुलगा: लक्षात येणार नाही? शेजारच्या काकूंना तू कटलेट दिलंस, ते त्यांनी वाटी मागून खाल्लं!

सून: छान म्हणाल्या त्या.

मुलगा: त्या म्हणाल्या, 'पोटाला हलकं आहे, कुणी आजारी आहे का?' याला छान म्हणतात?

सून: थट्टा पुरे झाली. उद्या आत्या येतायत. एवढा प्रवास करून, या वयात, फक्त भावाबरोबर दोन घास खायला. आणि भाऊ म्हणतो, 'तिला बाहेर वाढ, माझं ताट आत दे.' काय तोंड दाखवू मी त्यांना? काल दातांच्या कण्या केल्या त्यांच्यापुढे. ढिम्म हलत नाहीत.

मुलगा: मला म्हणाले, 'पोट बिघडलंय म्हणून सांग.' उद्या पोट बिघडणार, हे आजच ठरलंय.

सून: उद्यासाठी मी अक्रोडाचा केक करायला घेतलाय. अप्पांचा आवडता.

मुलगा: अक्रोड? चावणार कसे?

सून: अक्रोडाच्या जागी भोपळा घालतेय.

मुलगा: वा! एकदा खिळ्याच्या जागी साबण ठोकून बघ. आणि बटाटा?

सून: थोडासा. ओलावा राहतो.

मुलगा: वाटलंच. आणि एक सांग, त्यांना केक जरा कमी भुसभुशीत करून दे. खोलीभर सांडतात. खिडकीशी त्यांची अवजारांची पेटी आहे ना, त्यातल्या कानशीवरही परवा बिटाच्या केकचा भुगा दिसला.

सून: कुठला बिटाचा केक?

मुलगा: तोच, गुलाबी झाला होता तो.

सून: तो मी त्यांना दिलाच नव्हता. तो बिघडला होता, म्हणून तुला दिला.

मुलगा: बिघडला होता? मी दोन तुकडे खाल्ले त्याचे!

सून: तुला काही होत नाही. कानशीवर गुलाबी भुगा होता, नक्की?

मुलगा: नक्की. पिठासारखा बारीक.

सून: आणि कवळीच्या हिरड्या कुठल्या रंगाच्या असतात?

मुलगा: गुलाबी... अगं बाई! नाही, नाही. असं कसं करतील अप्पा?

सून: तुझे वडील आहेत ते. नवी चप्पल चावली, तेव्हा तिला रंधा मारला होता त्यांनी. तू ये माझ्या मागून. आणि काही बोलू नकोस.

(अप्पांच्या खोलीचं दार. सून टकटक करते. मुलगा तिच्या पाठीशी.)

अप्पा: ताट ठेव बाहेर. मी घेतो.

सून: ताट नाहीये, अप्पा. तुमची कानस आणून द्यायला आलेय.

अप्पा: माझी कानस? पेटीतून कुणी काढली?

सून: मी. भोपळा किसायला.

अप्पा: कानशीने भोपळा किसलास? अगं, दाते भरून जातात! पोलादाची आहे ती! उघड, उघड ते दार. आण इकडे... कुठे आहे?

सून: पेटीतच आहे. मी हात नाही लावला. कानशीने भोपळा किसू नये, एवढं मलाही कळतं. कवळी घासावी का, ते तुम्ही सांगा.

अप्पा: ... तो आहे का तुझ्या मागे?

मुलगा: नाही.

अप्पा: मग हे बोललं कोण?

सून: ये रे आत. अप्पा, बसा तुम्ही. आणि तोंडावरचा हात काढा, आम्हाला नीट ऐकू येत नाही.

अप्पा: डावीकडे टोचत होती. दातांचा डॉक्टर म्हणाला होता, टोचली तर या, मी घासून देतो. म्हटलं, जन्मभर दारं बसवली मी. दार चौकटीला घासायला लागलं तर सुतार काय करतो? थोडं तासतो.

मुलगा: थोडं?

अप्पा: पहिल्यांदा थोडंच. मग उजवी बाजू उंच वाटायला लागली, म्हणून उजवी घेतली. मग डावी पुन्हा उंच.

सून: आणि मग?

अप्पा: मग काय? दार आता चौकटीत राहतच नाही. 'पाणी' म्हटलं की बाहेर येते. सूप फुंकलं की सूपमध्ये पडते. त्या दिवशी टेबलावर मी अख्खा वेळ जिभेने धरून बसलो होतो, आठवतंय?

मुलगा: तुमचं तोंड वाकडं दिसत होतं खरं. मला वाटलं, जेवण आवडलं नाही.

सून: मलाही तेच वाटलं.

अप्पा: दुसऱ्या दिवसापासून घरात चावण्यासारखं काही उरलंच नाही. मला कळत नव्हतं का? बिस्कीट हातात घेतलं की मान टाकायचं. मी एकटा चुकलो आणि ही पोरगी अख्ख्या घराचं बोळकं करून बसलीय. आणखीच लाज वाटायला लागली.

सून: मग सांगायचं होतं ना, अप्पा!

अप्पा: काय सांगू? लोकांच्या घरातलं दार मी कधी सूतभरही जास्त तासलं नाही. गिऱ्हाईक डोळे मिटून काम सोपवायचं. आणि स्वतःच्या तोंडातलं बिघडवून ठेवलं? हे सुतार माणसाने कुणाला सांगायचं?

सून: आणि मी काय समजायचं? महिनाभर रोज वाटायचं, माझ्या हातचं नकोसं झालं म्हणून तुम्ही उठलात. रोज काहीतरी नवीन करून बघत होते. हे काढ, ते घाल. एकदा तरी दार उघडून म्हणाल, 'सूनबाई, आज जमलं.' तेवढ्यासाठी चाललं होतं माझं सगळं.

अप्पा: अगं, वेडी की काय तू? ताट रोज पुसल्यासारखं परत येत नव्हतं?

सून: मला वाटायचं, खिडकीतून कावळ्यांना घालता.

अप्पा: कावळ्यांना? तुझा तो पालकाचा पाव? कावळ्यांना चोच असते गं, त्यांच्याकडे चमचा कुठला?

मुलगा: हेच! हेच मी म्हणतोय महिनाभर!

सून: तू दात काढू नकोस.

मुलगा: मी नाही, अप्पा हसतायत. अप्पा! अप्पा, पडली! चादरीवर पडली, थांबा, मी देतो.

अप्पा: राहू दे. बघितलंस ना? हे असं होतं. हे असं उद्या अक्कापुढे होऊ द्यायचं?

सून: अप्पा, माझा केक बसला, फुगलाच नाही, तर मी काय करते, सांगा.

अप्पा: बटाटा घालतेस.

सून: छे हो! बसलाय म्हणून सांगते आणि वाढते. किती बिघडलेलं वाढलंय मी या घरात! आजवर कुणी पानावरून उठलं नाही.

मुलगा: मी एकदोनदा उठणार होतो.

सून: तू गप्प बस. आत्या गेल्या की आपण डॉक्टरकडे जाऊ. रागावले तर मी बोलेन त्यांच्याशी. नवी करून देतील. उद्याचं मात्र तुमच्यावर आहे. मी आता दातांच्या कण्या करणार नाही.

अप्पा: करू नकोस. माझ्याकडे तसेही दात नाहीत, निदान तुझे तरी राहू देत.

मुलगा: मग उद्या आत्याला काय सांगू? पोट?

अप्पा: पोटाला काय धाड भरलीय? ती कवळी टाक त्या डबीत. भोपळ्याचा का होईना, केक तेवढा नीट भाज. मी बसतो बाहेर.

सून: असेच? बिनदाताचे?

अप्पा: असाच.

मुलगा: आत्या हसेल हं, अप्पा. आधीच सांगून ठेवतो.

अप्पा: हसू दे. थोरली आहे ती माझी. बिनदाताचा मी तिला काही नवा नाही. पहिला घास तिनेच भरवला होता मला. माझं ताट तिच्या शेजारी मांड.