कमाईची हद्द

नाही आप्पा, मुलाला मी नावं कुठं ठेवली — चहा घ्या, गार होतोय — मी म्हटलं ते एवढंच, की माणसानं किती कमवावं याला सरकारनं हद्द घालून द्यावी. बस. तुम्ही पारोळ्याहून आलात, योगराजच्या भूपेंद्रला आपली मुलगी द्यावी की नाही याची चौकशी करायला, अन् कुणी तरी तुम्हाला इथं लिंबायतला, आमच्या कारीगरांच्या वस्तीत, पाठवलं — शालिग्रामला विचारा, तो त्याच्या गावचा, शेजारी-शेजारी लूम चालवलेत दोघांनी. बराबर सांगितलं. मुलगी द्यायची म्हणजे दहा ठिकाणी विचारावं, आपली रीतच आहे ती. अन् मी मोठ्यानं बोलतो त्याचं वाईट वाटून घेऊ नका, भांडत नाहीये. लूमच्या खडखडाटात जन्म गेला, कान तिथंच राहिले. तुम्ही हळू बोललात तरी चालेल, ओठ पाहून कळतं मला. ही सोनाली — आत्ता पाणी देऊन गेली ती, माझी मुलगी, आत बसून साड्यांना खडे चिकटवते — ती तर माझ्याशी हातानंच बोलते. जेवता का, कुणी आलंय, पाणी गेलं — सगळ्या लूमवरच्या खुणा, मीच शिकवल्यात तिला.

तर हद्द. हसू नका. रिक्षात किती माणसं बसवायची याला हद्द आहे की नाही? आहे — पाळतं कोण ते सोडा. चलथाणच्या साखर कारखान्याकडं ऊस चालला तर ट्रकला वजनाची हद्द आहे. अन् योगराज राहतो ना, त्या वेसूला, शेठ लोकांच्या वस्तीत, तिथं जवळच विमानं उतरतात म्हणून इमारतीला उंचीची हद्द, याच्यावर मजला चढवायचा नाही म्हणजे नाही. मग इमारतीला हद्द अन् आत राहणाऱ्याला नाही, हा कुठला न्याय? किती ठेवावी म्हणता? ते साहेब लोकांनी ठरवावं. मला विचाराल तर — योगराजच्या कमाईच्या जरा अलीकडं. अन् माझ्या जरा पलीकडं, माणसाला हातपाय पसरायला जागा नको का.

जळतो मी — तुम्ही म्हणाला नाहीत, पण तोंडावर दिसतंय. हो, जळतो. एका खोलीत आठ जण राहायचो आम्ही, पाळीपाळीनं झोपायचो. तेव्हा पाळ्या वेगळ्या होत्या आमच्या, मी कामाला उठलो की माझ्याच गोधडीत योगराज शिरायचा, ती गार व्हायच्या आत. आज त्याच्या लिफ्टमध्ये आरसा आहे. वास्तुशांतीला गेलो तेव्हा त्या आरशात पाहिलं स्वतःला — नवा शर्ट घातला होता, तरी कारीगरच दिसत होतो. त्याच्या बायकोनं, सरलाबाईनं, माझ्या बायकोला, सुषमाला, साडी नेसवली. भारी साडी. बोटांत धरली अन् कळलं — असलंच कोरं कापड रोज माझ्या हाताखालून जातं. त्याला रंग चढला, काठ आला की ते शेठच्या घरचं होतं. सुषमा ती साडी सणाला नेसते, अन् त्या दिवशी मला जेवण जात नाही.

पुढं कसा गेला म्हणता? कष्टानं, अजून कशानं. बंद पडलेलं खातं — लूमचा कारखाना हो, इथं खातं म्हणतात — ते भाड्यानं घेतलं त्यानं. मला म्हणाला, चल सोबत. मी म्हटलं, बुडशील. आता तो बुडला नाही, त्याला मी काय करू? मुलाला व्यसन? नाही. सुपारीचंसुद्धा नाही. शोधून पाहिलं मी, खरं सांगतो. रस्त्यात मी दिसलो तर गाडी थांबवून उतरतो, भर बाजारात पाया पडतो — आता तुम्ही मान काय हलवताय? मी गाऱ्हाणं सांगतोय अन् तुमचं तोंड उजळत चाललंय. वेसूचं घर ऐकलं, खातं ऐकलं, आता पाया पडणं ऐकलं. मी म्हणतोय कमाईला हद्द घाला, अन् तुमच्या डोक्यात लेकीचा संसार मांडून झाला. चौकशीला आलात अन् माझ्याच तोंडून होकार घेऊन चाललात की.

काय? एवढं चांगलं घर, गावचं, ओळखीचं — मग मीच का नाही केली सोयरीक?

विचारायला नको होतं, आप्पा. आता विचारलंत तर — पोरं लहान होती. सुषमा सोनालीला कडेवर घेऊन डबा द्यायला आली. सगळे लूम चालू. योगराजनं माझ्याकडं पाहिलं, सोनालीकडं बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडं, अन् दोन्ही करंगळ्या एकमेकींत अडकवल्या. व्याही होऊ. मी मान हलवली, हसलो दोघं, झालं — माझ्या लेखी सुपारी फुटली. आता साक्षीला कोण? तिथं शब्दच नव्हता. वास्तुशांतीच्या दिवशी गर्दीत गाठलं मी त्याला, तशाच करंगळ्या अडकवून दाखवल्या. तो म्हणाला, "शालिग्राम, हे काय रे?" खोटं नव्हता बोलत, आप्पा, खोटं असतं तर मला कळलं असतं. विसरला तो. आमची बोलीच विसरला. सरकारनं हद्द घातली असती तर आज शेजारच्या खोलीत असता — खुणेनं मीठ मागितलं असतं मी, अन् त्यानं दिलं असतं. मी मात्र वाट पाहत बसलो, आज आठवेल, उद्या आठवेल. हजीऱ्याचं स्थळ आलं सोनालीला, प्रवीण नावाचा, कंपनीत क्रेन चालवणारा, तिलाही आवडला होता — परत पाठवलं मी. पत्रिका जुळत नाही सांगितलं. पत्रिका दाखवलीच नव्हती कुणाला. तिला यातलं काही माहीत नाही, अन् कळताही कामा नये, तुम्ही सुद्धा कुठं —

माझ्या मागं काय पाहताय?

सोनाली. पडदा धरून केव्हाची उभी आहेस?

काही नाही आप्पा, बोटांना खडे चिकटलेत तिच्या, काम टाकून आलीय. तो हात असा आडवा फिरवला ना तिनं, ती खूण आहे. धागा तुटला की करतो आम्ही. लूम बंद कर.

करतो, माय. बंद करतो.

मुलगा चांगला आहे, आप्पा, डोळे झाकून द्या मुलगी. कोपऱ्यावर रिक्षा मिळेल, वेसू सांगा. या आता तुम्ही. कप राहू द्या तिथंच — या म्हटलं ना.