मावशीला न्यायला कोण येणार?

सुप्यातलं माझं पाळणाघर राहत्या घरात नाही, दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या घरात आहे. आमच्या ह्यांना ते काही पटलेलं नव्हतं. "आपलं घर असताना दुसरं कशाला?" म्हणायचे. रुसून तिथं पाऊल ठेवलं नव्हतं त्यांनी.

एका संध्याकाळी चार वर्षांची ओवी तेवढी राहिली होती. तिची आई कंपनीतून न्यायला आली, तर ही जागची हलेना.

"मावशीला न्यायला कुणी आलंच नाही."

"अगं, मी जाते एकटी."

"एकटं जायचं नसतं. तूच सांगतेस ना?"

तिची आई तर हसायलाच लागली. शेवटी ह्यांना फोन केला. ते आले, पण स्कूटर चालूच ठेवून रस्त्यावरूनच म्हणाले, "चल लवकर."

नवीन माणूस न्यायला आला की मी पोरांना जे विचारते, तेच ओवीनं दारात आडवं उभं राहून मला विचारलं.

"मावशी, ह्यांना ओळखतेस का तू?"

"थोडंफार," मी म्हटलं.

ओवीनं त्यांना नीट न्याहाळलं. "मग आत या. न्यायला आलेल्यांनी मावशीची पिशवी उचलायची असते."

ह्यांनी गाडी बंद केली, चपला काढल्या आणि पहिल्यांदा त्या घरात आले, माझी पिशवी उचलायला.