डोमाजी मास्तरांना द्यायची राहिलेली जबानी

सौंदडकर मंडळी, आणि पायरीवर बसलेल्या मास्तरीण काकू,

मला उभं केलंत खरं, पण मी धड बोलेन असं वाटत नाही. ज्या दुकानात मास्तरांची शिलाई मशीन चालायची, त्याच दुकानासमोर सतरंजी टाकून आपण त्यांच्याबद्दल 'होते' म्हणतो आहोत. मला हे झेपत नाही.

आणि मला रागही आला आहे. माफ करा, पण बोलतो. माझ्याआधी तिघे बोलले. तिघेही म्हणाले, डोमाजी मास्तर साधे होते, भोळे होते, कधी कुणाला दुखावलं नाही. कोणत्या मास्तरांबद्दल बोलता? मला तर ते आठवड्यातून दोनदा दुखवायचे! ते भोळे नव्हते. सौंदडात त्यांच्याइतका कडक वाचक दुसरा नव्हता.

मशीनमागचं ते कपाट बघा. खालच्या फळीवर गिऱ्हाइकांचं कापड, वरच्या दोन फळ्यांवर कादंबऱ्या. दोरा आणि बटनं आणायला मास्तर गोंदियाला जायचे आणि दोऱ्याबरोबर कादंबरी घेऊन यायचे. तिथला दुकानदार हसायचा. "मास्टरजी, पहले बटन लोगे या उपन्यास?" पुस्तक फाटलं की मास्तर त्याला मशीनवर शिवण मारत. कुणालाही वाचायला देत. पण अट एकच. परत करताना जबानी द्यायची. यातलं कोण चुकलं? आणि तू त्याच्या जागी असतास तर काय केलं असतंस? दोन प्रश्न. जबानी होईपर्यंत त्या पुस्तकाला लाल चिंधी टाचलेली राही, अर्धवट शिवलेल्या कुडत्याला असते तशी. चिंधी असलेलं पुस्तक दुसऱ्याला मिळत नसे.

आणि स्वतः काय बोलायचे! एका कादंबरीतल्या नायिकेबद्दल म्हणाले, "हे बाई सारखी खिडकीत उभी राहून राहिली. घरी काम नाही का इले? चोळीचं माप द्याले आली, तर तेवढं तरी तोंड उघडन का?" गावाच्या उद्धाराला निघालेल्या पुढाऱ्याची एक कादंबरी होती. मी म्हटलं, थोर आहे. मास्तर म्हणाले, "अख्ख्या गावात एक माणूस भांडत नाही? असं गाव मले दाखव बापा, मी तिथंच दुकान टाकतो. अन् पाऊस आला का याले कविता सुचते. मंग धानाचा रोवणा कोन करते?" खोकणाऱ्या नायकाला तर त्यांनी कधीच दयामाया दाखवली नाही. "नागपूरले दवाखाना नाही का बे?"

पण खलनायक त्यांना आवडायचा. मी चिडायचो. मास्तर, तो नीच आहे! "नीच आहे, बरोबर. पन त्याले काय पाहिजे ते तो तोंडानं मागते तरी. तुमचा चांगला माणूस मागतच नाही."

मंडळी, हे वाक्य मला लागायचं. का लागायचं, ते आज सांगतो.

मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. वामन नापास झाला, असं तुम्ही म्हणता. मी नापास झालो नाही. मी परीक्षेला बसलोच नाही. माझ्या मनात असलेल्या एका मुलीला बघायला पाहुणे येऊन राहिले, असं नागपुरात माझ्या कानावर आलं. मी गादी गुंडाळली आणि गाडीत बसलो. वाटलं, मी सगळं सोडून आलो हे तिच्या कानावर जाईल. ती समजेल. झालं काय? मी रोज स्टेशनावर जाऊन उभा राहतो आणि तिच्या गावाला जाणारी छोटी गाडी माझ्यासमोरून निघून जाते.

ही गोष्ट मी एकट्या मास्तरांना सांगितली होती. त्यांनी कातर खाली ठेवली.

"काहो कॉलेजवाले, तिले मालूम आहे का?"

"कळत असेल तिला."

"कळत असन? मी तुहा कुडता अंदाजानं कापला, तर चालन का तुले?"

त्याच आठवड्यात मी एक कादंबरी नेली. तिच्यातला नायक रस्त्याच्या पलीकडून नायिकेचं लग्न बघतो, एक शब्द बोलत नाही आणि कुठल्याशा गावाला कायमचा निघून जातो. मी रडलो. खरंच रडलो. वाटलं, ही माझीच गोष्ट. पुस्तक परत करताना म्हटलं, मास्तर, प्रेम असावं तर असं! यात कोणीच चुकलं नाही.

मास्तर म्हणाले, "भेकड आहे तुहा हिरो."

मी भडकलो. नको ते बोललो. कपडे शिवणाऱ्याला प्रेम काय कळतं, असंही बोललो. होय काकू, बोललो. पुस्तक टेबलावर आपटलं आणि निघालो. मागून त्यांचा आवाज आला, "अरे पोट्ट्या, जबानी?" मी वळलो नाही.

तीन आठवडे या गल्लीतून गेलो नाही. मास्तरांना ताप आहे हे कळलं, तरी नाही गेलो. आधी ते बोलावतील, मग जाईन. बघा माझी अक्कल! मागायचं नाही, विचारायचं नाही, नुसतं रुसून बसायचं. मग ते गेलेच.

काल काकूंनी ते पुस्तक माझ्या हातात ठेवलं. "वामन, हे तुहंच होय. चिंधी लागूनच आहे. तापात दोनदा विचारलं त्यायनं, कॉलेजवाला आला का म्हणून."

काकू, कॉलेजवाला आज आला आहे.

मास्तर, ही घ्या जबानी. कोण चुकलं? नायिका नाही. तिला तर कोणी काही विचारलंच नाही. तिला न विचारता लग्न ठरवणाऱ्या तिच्या बापाचं चुकलं, पण ते नंतर. आधी चुकला तो नायक. अख्ख्या पुस्तकात त्यानं तिला एकदा विचारलं नाही. तिच्या वतीनं स्वतःच नकार देऊन टाकला आणि त्या नकारावर रडत बसला. लेखक त्याला त्याग म्हणतो. मीही म्हणत होतो. तो त्याग नाही, ती भीती आहे. तुम्ही भेकड म्हणालात, ते बरोबर होतं.

मी असतो तर काय केलं असतं? विचारलं असतं. ती नाही म्हणाली असती, तर ते 'नाही' ऐकून परत आलो असतो. पण ते 'नाही' तिचं असतं, माझ्या अंदाजाचं नसतं.

माना वळवून एकमेकांकडे बघू नका. मी तिचं नाव घेणार नाही. जे तिला सांगितलं नाही ते आधी गावाला सांगितलं, तर मास्तर वरून कातर फेकून मारतील.

ही चिंधी मी काढतो. काकू, पुस्तक कपाटात ठेवा. आता ते दुसऱ्या कुणाला द्यायला हरकत नाही.

कुणाची जबानी ऐकायची असली की मास्तर मशीनचा पायटा थांबवत. मशीन बंद होई. दुकानात आवाज म्हणून उरत नसे आणि ते बघत राहत. तेवढी शांतता आज त्यांना देऊ या. उठा मंडळी. छोटी गाडी शिट्टी देईपर्यंत गप्प उभे राहू. शिट्टी झाली की मी त्या गाडीनं जाणार आहे.

मागून कुणी हाक मारू नका. या वेळी मी स्टेशनावर नुसता उभा राहायला जात नाही.